न पाहिलेल्या सिनेमांचं परीक्षण

भावोजी, तुमच्या साप्ताहिकाचे संपादक परवा घरी येऊन गेले. तुमच्यावर खास अंक काढतायत. मोठमोठ्या मंडळींनी लेख कबूल केलेत. कुणी तुमच्या विनोदावर लिहिणार, कुणी तुमच्या निर्भीडपणावर. मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही आपल्या चार ओळी द्या. घरगुती. त्यांना काय आवडायचं, घरात कसे वागायचे, असं." तुम्हांला आवडायचं वालाचं बिरडं, आणि घरात तुम्ही टॉवेल कधी जागेवर ठेवला नाहीत. झाल्या चार ओळी.

पण मी वही घेऊन बसले आहे ती त्यासाठी नाही. तुमचं माझं एक भांडण अर्धवट राहिलंय. तुम्हांला जाऊन आज चोवीस दिवस झाले. भांडण टाकून मधेच उठून जायची तुमची खोड जुनीच होती, पण पूर्वी निदान चहा उकळेपर्यंत परत यायचात. आता मला एकटीलाच दोन्ही बाजू मांडायच्या आहेत, तेव्हा जरा ऐकून घ्या.

शोकसभा इथे मुलुंडलाच, वाचनालयाच्या माडीवर झाली. बायकांसाठी मागे दोन बाकं होती, त्यावर मी बसले होते. तुमच्या आई आल्या नाहीत. त्या तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या, बोलणं जवळजवळ बंद, जेवण दोन घास. हे पुढच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. भाषणं झाली. मग अध्यक्षांनी तुमचं एक परीक्षण वाचायला घेतलं, सगळ्यांच्या तोंडी असलेलं, त्या किल्लेदाराच्या लेकीचं. "किल्ल्यावरचं टाकं चार दिवस कोरडं आहे. शिपायांच्या जिभा टाळ्याला चिकटल्या आहेत. आणि किल्लेदाराची लेक नुकती न्हाऊन, ओले केस उन्हात सोडून गाणं म्हणते आहे. बाई, तुझा तो नळ कुठला, तेवढं आम्हां मुलुंडकरांना सांगून जा." सगळी सभा हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. अध्यक्ष म्हणाले, असा विनोद आता पुन्हा होणे नाही.

आणि भावोजी, मला राग आला. तुमच्यासाठी पदर डोळ्याला लावलेला होता आणि त्याच पदराआड मी दातओठ खात होते. कारण ते वाक्य माझं होतं. शब्द न् शब्द माझा होता.

वाचणाऱ्यांना काय ठाऊक असणार, म्हणून सांगते. मी ह्या घरात लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही सोळा वर्षांचे होतात. पहिल्या दिवसापासून मी तुम्हांला भावोजी आणि तुम्ही म्हणत आले, आणि तुम्ही मला वहिनी आणि तू. पुढे तुम्ही छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलात, आणि तिथूनच ते सिनेमाचं सदर तुमच्याकडे आलं. दर शनिवारी दुपारच्या खेळाचा पास मिळायचा, म्हणून तुम्ही सदराखाली सही करायचात "एक फुकट्या". सिनेमा शनिवारी बघायचा, सोमवारी मजकूर द्यायचा. आणि मधल्या रविवारी आपल्या घरी बिरडं.

बिरड्याला वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, आणि रविवारी सकाळी कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. दोन माणसं आणि एक तास लागतो. हात अडकलेले आणि तोंड मोकळं. परातीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कानाला पेन्सिल लावून तुम्ही. तुम्ही आदल्या दिवशीचा सिनेमा मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचात आणि मी तो बसल्या जागी झोडपायची. मी स्वतः सिनेमाला जाणार कधी? दोन मुलं, सकाळचं दोन तासांचं पाणी, आईंचं पथ्यपाणी. लग्नानंतर मी मोजून दोन सिनेमे पाहिले असतील, पण ज्यांच्याबद्दल मत दिलं ते शंभराच्या वर असतील. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणतात तसं.

तुम्ही म्हणालात की नायक बेकार आहे, नोकरीसाठी वणवण फिरतो आणि रोज कडक इस्त्रीचा सदरा घालतो. मी म्हटलं, त्याला नोकरी मिळो न मिळो, त्याच्या धोब्याचा पत्ता घेऊन या. तो मजकूर तसाच्या तसा छापून आला. नायिकेची आई खोकली की मध्यंतरानंतर ती नाही हे आपण दोघांनी मिळून ठरवलं होतं. खलनायकाचं मात्र तुमचं एकट्याचं. सबंध राज्यात दारूबंदी, आपल्या शेजारच्या काकांना औषधाच्या दोन चमच्यांसाठी डॉक्टरचा दाखला लागतो, आणि हा पडद्यावर राजरोस बाटल्या रिचवतो, तर ह्याला परमिट दिलं कुणी? तुम्ही चांगलं लिहायचात हो. मुलुंड मुंबईत घेतलं तेव्हा तुम्ही लिहिलं होतंत की आम्ही जागचे न हलता मुंबईकर झालो, नळ मात्र अजून ठाणे जिल्ह्यातच आहे. त्यावर मी कधी हक्क सांगणार नाही.

पण बाकीच्यांवर? पहिल्यांदा तुम्हीच विचारलं होतंत. धोब्याच्या वाक्याची चहाच्या दुकानात चर्चा झाली म्हणून उड्या मारत आलात आणि म्हणालात, "वहिनी, खाली दोन नावं टाकतो. एक फुकट्या आणि एक तुझं." मी म्हटलं, वेड लागलंय का, आई काय म्हणतील. दुसऱ्यांदा विचारलंत तेव्हा मी ह्यांच्या हापिसाचं कारण पुढे केलं. तिथले कारकून तुमचं सदर मोठ्यानं वाचायचे. बायकोचं नाव तिथं वाचलं गेलं तर हे दुसऱ्या दिवशी डबा न्यायला विसरले असते.

मग तो किल्लेदाराच्या लेकीचा सिनेमा आला. तो रविवार मला नीट आठवतो, कारण शनिवारी आणि रविवारी नळ आला नव्हता. तुम्हीच विहिरीवरून दोन बादल्या आणून दिल्या होत्यात. माझं न्हाणं राहिलं होतं आणि मी सकाळपासून सगळ्यांवर खेकसत होते. परातीपाशी बसून तुम्ही वेढा सांगितलात, कोरडं टाकं सांगितलंत, तहानेनं घेरी येऊन पडलेला म्हातारा तोफची सांगितलात, आणि मग ती ओल्या केसांची पोरगी. मी जी तापले ती अर्धा तास थांबले नाही. तुम्ही वाल सोलायचे सोडून भराभर लिहून घेत होतात.

ते परीक्षण गाजलं. मुलुंडच्या नळावर बायका एकमेकींना किल्लेदाराची लेक म्हणायला लागल्या. आणि दोन आठवड्यांनी घाटकोपरच्या एका मास्तरांचं पत्र आलं. त्यांनी तो सिनेमा दोनदा पाहिला होता आणि त्यात असला प्रसंगच नव्हता. परीक्षकांनी सिनेमा जागेपणी पाहिला होता का, असं त्यांनी विचारलं होतं. तुम्ही ते पत्र सगळंच्या सगळं छापलंत आणि खाली लिहिलंत की मास्तर बरोबर आहेत, थेटरात मला डुलकी लागली, तो प्रसंग माझ्या स्वप्नातला असावा, सिनेमावाल्यांची मी हात जोडून माफी मागतो. लोक त्याच्यावरही हसले.

मी हसले नाही. माझं सगळ्यांत चांगलं वाक्य कशावर उभं होतं, तर तुमच्या घोरण्यावर. मी तुम्हांला वाट्टेल ते बोलले. नीट बघता येत नसेल तर पास परत करा म्हटलं. तीन रविवार आपण बोललो नाही आणि तीन रविवार मी वाल न सोलता सालासकट उसळ केली. तुम्ही निमूट खाल्लीत. चौथ्या रविवारी आपण होऊन परातीपाशी येऊन बसलात आणि विचारलंत की प्रसंग नव्हता हे कबूल, पण ऐकताना तुला खरा वाटला की नाही?

तिथून तो वाद सुरू झाला. तुमचं म्हणणं, ऐतिहासिक कादंबऱ्या आणि सिनेमे सगळे एका माळेचे मणी. जुन्या बखरीत किल्लेदाराच्या मुलीचा उल्लेख अर्ध्या ओळीचा, आणि त्यावर हे तीन तास पडदा हलवणार. मी म्हटलं, अर्धी ओळ पुरते. माझ्या हातात वाल होता तोच तुम्हांला दाखवला. हा वाल म्हणजे तुमची बखरीतली ओळ. पाण्यात घालून फडक्यात बांधून ठेवली की तिला मोड येतो. मोड खोटा नाही, तो वालातूनच आला. बाहेरून आणून चिकटवलेला मात्र लगेच कळतो. तुम्ही विचारलंत, मग साल म्हणजे काय? मी म्हटलं, साल म्हणजे लेखकाची विद्वत्ता, ती सोलून टाकायची. ते तुम्ही लिहून घेतलंत आणि पुढच्या अंकात छापलंतही.

मग मी तुम्हांला आमच्या अलिबागकडच्या गावची गोष्ट सांगितली. गावावर लुटारू आले तेव्हा आमच्या घराण्यातल्या एका सुनेनं देव भाताच्या कणगीत लपवले आणि वर स्वतः बाळंतिणीचं सोंग घेऊन निजली. तुम्ही विचारलंत, खरं का? मी म्हटलं, देव आहेत, कणगीही आहे. तुम्ही विचारलंत, आणि तिचं नाव काय? मी म्हटलं, नाव कुणाला ठाऊक नाही, आम्ही सगळे कणगीवाली म्हणतो. तुम्ही हातातला वाल परातीत टाकलात. "बघ वहिनी, गोष्ट राहिली, देव राहिले, कणगीसुद्धा राहिली. नाव तेवढं गेलं. आता तरी तुझं नाव टाकू दे."

ही तिसरी वेळ. आणि ह्या वेळी मला हो म्हणायचं होतं. आज सांगते, मला फार हो म्हणायचं होतं. पण दोनदा नको म्हटल्यावर एकदम हो कसं म्हणणार? मी खाली मान घालून सोलत राहिले. मला वाटलं, तुम्ही आणखी एकदा विचाराल. तुम्हांला वाटलं, वहिनीला नको आहे. त्यानंतर सहा वर्षं आपण दर रविवारी समोरासमोर बसलो आणि तुम्ही तो विषय पुन्हा काढला नाहीत. मी वाट बघत होते, हे तुम्हांला कळलं नाही. मीही ते कधी बोलून दाखवलं नाही.

म्हणून शोकसभेत राग आला. आणि म्हणून संपादक चार ओळी मागून गेले तेव्हा मी मनाशी ठरवलं की आता सगळं खरं लिहून टाकायचं. ह्यांना विचारलं. हे म्हणाले, तुझ्या मनाला पटेल ते लिही. पण माझी स्वतःची एक खात्री व्हायची होती. त्या मास्तरांचं खरं की खोटं? तो सिनेमा घाटकोपरला सकाळच्या खेळाला परत लागला होता. घरात दुखवटा, आणि मी सिनेमाला कशी जाणार? मी भीत भीत आईंना विचारलं. त्या भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या, "जा. तो रविवारी सांगायचा तेव्हा मी आतून सगळं ऐकायची. सगळ्यांना वाटायचं, म्हातारी जप करतेय." मग म्हणाल्या, "आई काय म्हणतील म्हणून तू नाव नको म्हणालीस. मला कुणी विचारलं होतं?"

मी उठले. चपला घातल्या आणि निघाले.

भावोजी, सिनेमात तसला प्रसंग नाही. तेवढंच असतं तर मी डुलकी समजले असते. पण त्या किल्ल्यावर पाण्याला तोटाच नाही. दुसऱ्या रिळातच भली मोठी विहीर आहे आणि लेक तिचं पाणी शेंदतेय. टाकं नाही, तहान नाही, तोफची म्हातारा मुळातच नाही. किल्ला पडायला येतो तो फितुरीनं. आणि त्या पोरीच्या डोक्यावरचा पदर पहिल्यापासून शेवटपर्यंत ढळत नाही. तिचे केस काळे की पांढरे हेसुद्धा कळत नाही. इतकं सगळं कुणाला स्वप्नात दिसत नाही. हे बसून रचलेलं होतं. नळ आला नाही, वहिनीचं न्हाणं राहिलं, वहिनी चिडलेली आहे, एवढं बघून तुम्ही माझ्या पुढ्यात एक कोरडं टाकं आणि एक ओल्या केसांची पोरगी आणून ठेवलीत, आणि पेन्सिल काढून वाट बघत बसलात.

मी थेटरात एकटी बसून हसायला लागले. शेजारच्या बाईनं वळून बघितलं, कारण पडद्यावर तेव्हा किल्लेदार मरत होता. मग मला रडू आलं, आणि ते तिला बरं वाटलं.

सिनेमा तसा बरा होता. त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. बाकीचे सिनेमेही असेच असतील का हो? तो इस्त्रीचा सदरा खरा होता की तोही तुमचाच? आता मला कळायचा मार्ग नाही. मनातल्या मनात मी तुम्हांला किती वर्षं आयत्या बिळात नागोबा म्हणत होते, आणि बीळ तर तुम्हीच खणत होतात. वर मास्तरांचं पत्र आलं तेव्हा गावासमोर झोपाळू ठरलात, माझ्या शिव्या खाल्ल्यात, तीन रविवार सालासकट उसळ खाल्लीत, पण मला खरं सांगितलं नाहीत. सांगितलं असतंत तर पुढच्या वेळी माझी जीभ अडखळली असती, हे तुम्हांला माहीत होतं. वाक्य माझंच आहे, ते मी सोडणार नाही. पण मला बोलतं तुम्ही केलंत. ह्या घरात भाजीत मीठ किती ह्यापलीकडे माझं मत कुणी विचारलं नव्हतं, ते तुम्ही विचारलंत. त्याबद्दल मी तुमची जन्माची ऋणी आहे, आणि हे तुम्ही बसल्या जागी ऐकायला हवं होतंत.

तरी राग सगळा गेलेला नाही. चौथ्यांदा विचारायला काय झालं होतं तुम्हांला?

आज रविवार. मी परवापासून वाल भिजवलेले होते. सकाळी परात घेऊन बसले, तर आई उठून भिंतीचा आधार घेत बाहेर आल्या आणि समोर बसल्या. तुम्ही गेल्यापासून त्या पहिल्यांदा माजघराबाहेर आल्या. वाल सोलायला हात घातला आणि म्हणाल्या, सांग काय होतं सिनेमात. मी होता तसा सांगितला. विहीर, फितुरी, किल्लेदाराचं मरण. त्या ऐकत होत्या, पण डोळे पुन्हा भिंतीकडे जायला लागले. बोटं थांबली. मला कळेना काय करावं. शेवट तसा साधाच आहे, मदतीला फौज येते आणि पडदा पडतो. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि मग आई, दुपारी वेढा उठला, आणि संध्याकाळी किल्लेदाराच्या लेकीचं लग्न. पाचशे पानांची पंगत. ताज्या ताज्या जिलब्या."

आईंनी माझ्याकडे बघितलं. चोवीस दिवसांत पहिल्यांदा कुणाकडे तरी नीट बघितलं.

"दुपारी वेढा, आणि संध्याकाळी जिलबी?" त्या म्हणाल्या. "पीठ काय तोफांच्या धाकानं आंबलं?"

मी हसले नाही. हसू न देता बसून राहणं किती कठीण असतं ते मला आज कळलं, भावोजी. तुम्ही ते इतकी वर्षं केलंत. आई मग पंगतीवरच घसरल्या. आचारी कुठून आणला, तूप कुणाच्या घरचं, वेढ्यातून उठलेली माणसं जिलबी खातील की आधी पेज मागतील? बोलता बोलता अर्धी परात सोलून झाली. मी हात पुसले आणि ह्याच वहीच्या समासात ते लिहून घेतलं.

ह्या लेखाखाली मी माझं पूर्ण नाव घालते आहे. संपादकांना चार ओळीच हव्या असतील तर त्यांनी बिरड्याच्या घ्याव्यात. दुपारी जेवणं झाल्यावर मी आईंना विचारलं की तुमचं जिलबीचं वाक्य भावोजींच्या अंकात देऊ का, तुमच्या नावानं. त्यांनी पदर सारखा केला आणि नको म्हणाल्या, माझं मेलं नाव कशाला.

उद्या मी पुन्हा विचारणार आहे.